मामाने चष्मा पुसला तेव्हा

अप्पामामाविषयी लिहायचं तर आमच्या सगळ्यांच्या लाजेविषयी लिहावं लागणार, हे ठाऊक असल्यामुळे दीड वर्ष मी टाळत होते. परवा पापनाशमच्या एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, "तुमचे मामा हल्ली रिपोर्ट का वाचत नाहीत? आमच्यावर रागावलेत का?" मी "वय झालं आता" असं काहीतरी पुटपुटले. ते धडधडीत खोटं होतं. घरी येऊन वही उघडली.

मी राजेश्वरी. कुंभकोणमला मुलींच्या शाळेत गणित शिकवते. आमचे पूर्वज मराठी राजांच्या काळात तंजावरला आले आणि इथलेच होऊन गेले. बाहेर आम्ही तमिळ बोलतो, घरात मराठी. ती मराठी ऐकून पुण्याच्या माणसाला हसू येतं. लग्नानंतरची नऊ वर्षं मी पुण्यात काढली आणि ते हसू पुरेपूर पचवलं. ही लिहायची मराठी मी तिथेच हट्टाने शिकले, केवळ लोकांनी हसू नये म्हणून. तेव्हा हसण्याच्या भीतीने माणूस काय काय करतो हे मला मामाइतकंच कळतं, हे आधी कबूल करते.

अप्पामामा, म्हणजे अप्पाराव, माझ्या आईचा धाकटा भाऊ. आईला तो अक्का म्हणायचा, त्याचं ऐकून मीही अक्काच म्हणायला लागले, आणि पुढे सगळी गल्ली. मामाने छत्तीस वर्षं रक्त-लघवी तपासायची लॅब चालवली. बायको लवकर गेली, मूल नाही, त्यामुळे लॅब बंद केल्यावर तो आमच्याकडेच राहायला आला. येताना एक पत्र्याची पेटी, दोन धोतरजोड्या आणि लाकडी खोक्यातला मायक्रोस्कोप एवढं घेऊन आला. मायक्रोस्कोपला त्याने खिडकीजवळची सगळ्यात चांगली जागा दिली. स्वतः जिन्याखाली झोपायचा.

दर रविवारी सकाळी तो ओट्यावर बसायचा. अंघोळ झालेली, कपाळाला गोपीचंदन, हातात लाल पेन्सिल. लोक रिपोर्ट घेऊन यायचे. आमची रायर मंडळी, म्हणजे इथली मराठी माणसं, तर यायचीच, पण गल्लीतले तमिळ शेजारी, आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रातले एक मोठे अधिकारी, असे कोणीही. मामा रिपोर्ट डोळ्यांपासून लांब धरायचा, एखाद्या आकड्याभोवती लाल गोल काढायचा आणि निकाल द्यायचा. "हें मशीनचें बोलणें आहे. रक्त उद्यां मज द्या, मी पाहतों." मग दुसऱ्या दिवशी काचेवर रक्ताचा थेंब पसरून, रंग देऊन, स्वतः एकेक पेशी मोजायचा. मशीनवर त्याचा राग होता. आणि तो राग अगदीच पोकळ होता असंही नाही. स्वामीमलैच्या एका मूर्तिकाराला वर्षभर पोटदुखी आणि अशक्तपणा होता, तीन ठिकाणच्या तपासण्या झाल्या होत्या. मामाने त्याच्या रक्तपेशींवरचे बारीक निळे ठिपके पाहिले आणि विचारलं, "ओतकामांत शिसें घालतां कीं?" शिशाचीच बाधा निघाली. तो माणूस पुढे दर दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन यायचा, आणि दर दिवाळीला मामा आम्हाला ती गोष्ट पहिल्यांदाच सांगतोय अशा थाटात सांगायचा. मी चेष्टा करायचे. पण आतून मला त्याचा अभिमान होता, तो अजूनही आहे, आणि पुढचं लिहायला जड जातं ते त्यामुळेच.

दोन वर्षांपूर्वी मार्गळीत, डिसेंबर अखेरीस, अक्का दमायला लागली. पहाटे दारात पिठाच्या रांगोळीचा कोलम घालायला वाकायची आणि मध्येच भिंतीला टेकून बसायची. वय शहात्तर, मी म्हटलं थंडी असेल. मामाने तिचं बोट टोचलं, काच रंगवली आणि सबंध दुपार मायक्रोस्कोपवर घालवली. संध्याकाळी म्हणाला, "राजू, हें साधें रक्त कमी होणें नव्हे. मज्जा बिघडली आहे." तपासण्यांनंतर निघालंही तेच. हाडांतल्या मज्जेत रक्ताच्या पेशी नीट तयारच होत नव्हत्या. अर्धवट, वाकड्या, कच्च्या पेशी निपजत होत्या. आवर घातला नाही तर पुढे रक्ताचा कॅन्सर होण्याची भीती. रोग पहिल्यांदा मामाने ओळखला, हे त्याचं श्रेय कोणी काढून घेणार नाही.

आता मधुमिताविषयी सांगायला हवं. ती आमच्याच लोकांतली, मागच्या गल्लीतली मुलगी. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या लॅबमध्ये जाऊन बसायची. मायक्रोस्कोपला डोळा कसा लावायचा, पांढऱ्या पेशी कशा ओळखायच्या, हे मामानेच तिला शिकवलं. चुकली की मामा तिच्या डोक्यात पेन्सिल टोचायचा. तीच मधुमिता आज रक्ताच्या रोगांची डॉक्टर आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी इथल्या एका हॉस्पिटलात येते. तिच्या दाराबाहेर टोकन घेऊन पन्नास माणसं बसलेली असतात, आणि मामा बाजूच्या दाराने थेट आत जायचा. आम्हालाही तसंच नेलं.

ती उठून उभी राहिली. अक्काच्या पाया पडली, मामाला स्वतःच्या खुर्चीजवळ बसवलं. मग फाइल उघडून मामाशी बोलू लागली, आणि ती बोलली ती अशी, जशी एखाद्या बरोबरीच्या डॉक्टरशी बोलावी. "अप्पामामा, अझासिटिडीन सुरू करूं. डीएनए मिथाइलट्रान्सफरेज इन्हिबिटर. हायपोमिथायलेशन व्हायला वेळ लागतो, रिस्पॉन्स लेट येईल. सुरुवातीला सायटोपेनिया एक्स्पेक्टेड. सहा सायकल. तुम्हांस मी काय सांगूं?"

मामा चांगला लॅबवाला होता. पण त्याने शिक्षण संपवलं तेव्हा हे शब्द पुस्तकात नव्हते, आणि नंतर त्याने नवं पुस्तक उघडलं नव्हतं. त्याने चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने काचा सावकाश पुसल्या. "सरि, सरि," म्हणाला, म्हणजे बरं, बरं.

"समजलें नां, मामा?"

"सरि कीं. समजलें."

तिच्या बोलण्याचा साधा अर्थ एवढाच होता, की हे औषध महिन्यातून सात दिवस टोचायचं, त्याचा गुण चार ते सहा महिन्यांनी दिसेल, आणि त्याआधी रक्तातले आकडे वर जायच्याऐवजी आणखी खाली पडतील, त्याला घाबरून औषध सोडायचं नाही. हे तिने दुसऱ्या कोणालाही अशाच साध्या शब्दांत सांगितलं असतं. मामाला साधं करून सांगणं तिला उद्धटपणा वाटला. आणि साधं करून सांग, असं डोक्यात पेन्सिल टोचलेल्या पोरीला म्हणणं मामाला जमलं नाही. मी तिथेच होते. मला एक अक्षर कळलं नाही, आणि मीही गप्प बसले, कारण रक्ताचं सगळं मामाचं, असा घरात रिवाज होता. मुलींना मी रोज ओरडते, कळलं नाही तर हात वर करा म्हणून.

निघताना नर्सने एक छापील पत्रक दिलं. तमिळमध्ये, मोठ्या अक्षरात, पेशंटच्या घरच्यांसाठी. बसमध्ये मी ते वाचायला मागितलं. मामाने चार घड्या घालून खिशात टाकलं. "तें अडाणी लोकांस असतें, राजू. मज विचार, काय हवें तें." मी हसले. अक्काही हसली, पण ती मामाकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

पहिली फेरी फेब्रुवारीत झाली. सात दिवस सकाळी आम्ही रिक्षाने जायचो, अक्काच्या पोटावर सुई टोचायचे, तिथे तांबडे चट्टे उठायचे. अक्का तक्रार करणारी नव्हती. घरी येऊन म्हणायची, "रसम भात कर, अंबट काहीं तरी होणें." आमच्या मराठीत होणें म्हणजे हवं. मामा आठवड्यातून एकदा तिचं बोट टोचायचा आणि स्वतः मोजायचा. हॉस्पिटलचे रिपोर्ट असायचे, पण ते मशीनचे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो लाल पेन्सिलीने प्लेटलेटचे आकडे लिहायचा. सत्तर हजार होते. पहिल्या फेरीनंतर बावन्न झाले. मार्चमधल्या दुसऱ्या फेरीनंतर सव्वीस.

मामाचं जेवण तुटलं. छत्तीस वर्षं त्याने आकडे पाहिले होते आणि त्याच्या हिशेबी गोष्ट सरळ होती: औषधाने आकडे चढले तर औषध चांगलं, पडले तर वाईट. मधुमिताला फोन करून विचार, असं मी एकदा म्हटलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "विचारतों कीं," म्हणाला.

एप्रिलची फेरी सोमवारी सुरू व्हायची होती. आदल्या शनिवारी दुपारी कॉफीचा पितळी डबरा हातात घेऊन तो अक्काच्या खाटेशी येऊन बसला. मी समोर पेपर तपासत होते.

"अक्का, मी बोललों मधुमितेशीं," तो म्हणाला. "शरीराला विश्रांती होणें म्हणते ती. दोन महिने थांबूं, मग पाहूं."

अक्काने त्याच्याकडे पाहिलं. "तीच म्हणाली?"

"तीच."

"सरि. तूं म्हणतोस तर थांबूं."

तो बोललाच नव्हता. फोन लावलाच नव्हता. विचारायचं तर आधी कबूल करावं लागणार होतं की त्या दिवशी काही समजलं नाही. ते त्याच्याने होईना, आणि डोळ्यांदेखत बहिणीचं रक्त उतरतंय हेही बघवेना, तेव्हा त्याने स्वतःच निर्णय घेतला आणि मधुमिताच्या नावावर खपवला. हॉस्पिटलातून नर्सचा फोन आला तो मामाच्याच नंबरवर. आम्ही बाहेरगावी आहोत, असं त्याने सांगितलं. मग मधुमिताचा स्वतःचा फोन आला. अक्काला जरा ताप आहे, उतरला की आणतो, असं सांगितलं. ही आणि पुढच्या फोनांवरची अशीच सगळी बोलणी मला नंतर कळली. त्या वेळी मी एवढंच पाहिलं, की मामा फोन घेऊन परसात जातो.

आणि मग वाईटातली वाईट गोष्ट झाली, ती म्हणजे अक्काला बरं वाटायला लागलं. औषधाचा मार थांबला तसे आकडे वर आले. सव्विसाचे एकोणचाळीस, मग अठ्ठावन्न. मामाने अठ्ठावन्नाभोवती दोन गोल काढले. अक्का स्वतः उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने उडदाच्या पिठाचं डांगर केलं. मी शाळेत पेढे वाटले. अगदी खरं सांगते, मी मनात म्हटलंसुद्धा, की शिकलेल्या डॉक्टरणीपेक्षा आमचा मामा बरा. गणिताची बाई मी. तीन आकडे चढताना पाहिले आणि पुढचा मीच मनाने लिहून टाकला.

जूनच्या मध्यावर एका मंगळवारी मी शाळेतून आले तर मामा मायक्रोस्कोपपाशी बसलेला होता आणि दिवा चालूच होता. डोळा नळीला नव्हता. हात मांडीवर होते.

"काय झालें?" मी विचारलं.

त्याने बोटाने मायक्रोस्कोप दाखवला. मी डोळा लावला. मला काय कळणार त्यातलं? गुलाबी ठिपक्यांमध्ये काही मोठ्या, जांभळ्या, भरलेल्या पेशी दिसल्या.

"शंभर मोजल्या," तो म्हणाला. "नऊ आहेत. मग दुसरी काच केली. पुन्हा नऊ. राजू, रक्तांत ह्या दिसायला नकोत."

त्या कॅन्सरच्या कच्च्या पेशी होत्या. त्या ओळखायला मामाला कुठलं मशीन लागलं नाही, कुठलं नवं पुस्तकही नाही. मधुमिताला ती शाळेत असताना त्यानेच त्या ओळखायला शिकवल्या होत्या. त्याने मायक्रोस्कोप खोक्यात ठेवायला घेतला तेव्हा खोक्याच्या तळाशी चार घड्यांचा कागद होता. त्याने तो काढून माझ्या हातात दिला. मी उभ्यानेच वाचला. तिसरीच ओळ होती: पहिले दोन-तीन महिने रक्तातील आकडे कमी होतात, हे अपेक्षित आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका. सातवीतल्या मुलीला कळेल अशी तमिळ होती.

"तूं विचारलें नव्हतेंस?" मी म्हटलं.

"नाहीं."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मान वर केली नाही. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की तो कागद मला बसमध्ये पुन्हा मागता आला असता, हिसकावून घेता आला असता, नर्सकडून दुसरा आणता आला असता. ती गोष्ट लक्षात आल्यावर मी जास्तच जोरात बोलले.

शुक्रवारी मामा हॉस्पिटलात गेला तो बाजूच्या दाराने नाही. त्याने टोकन घेतलं. त्रेचाळीस नंबर होता. तीन तास तो बाकावर बसून राहिला, ओळखीच्या दोघा-तिघांनी नमस्कार केला, आणि त्यातल्या एकाने तर स्वतःचा रिपोर्टही पुढे केला. मामाने तो हातात घेतला नाही. आत गेल्यावर मधुमिता नेहमीसारखी उठली. तो म्हणाला, "बस बाळ. मज तुझें बोलणें त्या दिवशीं समजलें नव्हतें. समजलें म्हणून खोटें बोललों. मग औषध मीच थांबवलें, आणि अक्काला तुझें नांव सांगितलें."

मी त्याच्या मागे उभी होते. मला वाटलं होतं ती चिडेल. ती फाइलकडे बघत म्हणाली, "चूक माझी पण आहे, मामा. तुम्हांस सोपें करून सांगायची मज लाज वाटली." औषध त्याच आठवड्यात पुन्हा सुरू झालं.

अक्काला कोणी आणि कसं सांगायचं हा प्रश्न होता. मामाने तो ओझ्यासारखा स्वतःकडेच ठेवला. पहिल्याच दिवशी, सुई टोचून झाल्यावर, अक्का खुर्चीत डोळे मिटून पडली होती. मामा बाजूच्या स्टुलावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही, फोनसुद्धा.

अक्काने डोळे उघडले नाहीत. "ठावें आहे मज," ती म्हणाली.

"राजूने सांगितलें?"

"कोणीं नाहीं. मधुमितेकडे गेलों त्या दिवशींच ठावें होतें. तूं चष्मा पुसलास कीं." ती म्हणाली, "लहान होतास तेव्हां पाटी पुसत होतास. शाळेंत वाध्यारांनीं विचारलें कीं पाटी पुसायची आणि होय होय म्हणायचें. मग चष्मा लागला, तो पुसूं लागलास."

त्यांची आई वारली तेव्हा मामा सहा वर्षांचा होता, अक्का तेरा. तिनेच त्याला वाढवलं. तिला ठाऊक नसेल तर कोणाला?

"मग तूं कां नाहीं बोललीस?" मामाने विचारलं. "दोन महिने थांबूं म्हटलें तेव्हां खोटें आहे हें ठावें होतें तुज?"

"होतें."

"मग सरि कां म्हणालीस, अक्का?"

"त्या पोरीपुढें तुझी मान खालीं जाईल. माझें वय झालेंच आहे की." तिने डोळे उघडले आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आतां रडूं नोको. नर्स बघते आहे."

ती हे रागाने बोलली असती तर मामाला सोसलं असतं. तिने अगदी सहज सांगितलं, भाजीत मीठ कमी होतं पण बोलले नाही, अशा सुरात. मामा उठून बाहेर व्हरांड्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी खुर्चीशी उभी होते आणि मला अक्काचा इतका राग आला की तिच्याकडे बघवेना. तिने स्वतःचा जीव भावाच्या अब्रूपायी दिला होता, आणि ती अब्रू सांभाळणाऱ्यांत मी एक होते.

आणखी चार फेऱ्या झाल्या. आकडे पुन्हा पडले, आणि या वेळी ते वर आले नाहीत. मामा आता बोट टोचत नव्हता, मोजत नव्हता. हॉस्पिटलचा रिपोर्ट आला की तो मला वाचून दाखवायला सांगायचा, मशीनचा तर मशीनचा. ऐप्पसीच्या पावसात, ऑक्टोबर अखेरीस, अक्का गेली.

मधुमिता भेटायला आली होती. ती म्हणाली, "या औषधाचा गुण जेमतेम निम्म्या लोकांना येतो. अक्का त्यांत असती कीं नसती, हें कोणीही सांगूं शकत नाहीं. खंड पडला म्हणूनच असें झालें, असें मी म्हणणार नाहीं." तिने ते मनापासून सांगितलं आणि ते खरंही आहे. मी ते ऐकून घेतलं आणि रात्री बऱ्यापैकी झोपले. मामाने ते सांत्वन घेतलं नाही, परतही केलं नाही.

रविवारी लोक येत राहिले. मामा ओट्यावर यायचा आणि रिपोर्ट न उघडता सांगायचा, "मज ह्यांतलें आतां समजत नाहीं. डॉक्टरांस विचारा, आणि समजेपर्यंत विचारा." लोकांना वाटलं म्हातारा बहिणीच्या दुःखात आहे. हळूहळू यायचे थांबले. लाल पेन्सिल मी कॅलेंडरच्या खिळ्याला बांधून ठेवली होती, ती अजून तिथे आहे.

अक्का जाऊन महिना झाल्यावर एका शुक्रवारी तो मला म्हणाला, "चल." हॉस्पिटलात जाऊन त्याने पुन्हा टोकन घेतलं. आत गेल्यावर मधुमिताने घाबरून विचारलं, "काय होतें आहे, मामा?"

"मज कांहीं नाहीं. तें औषध काय करतें, तें सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग सांगायला लागली. निम्मे शब्द इंग्रजी होते. मामा म्हणाला, "नाहीं समजलें. पुन्हा सांग." तिने कागदावर जिन्यासारखं काहीतरी काढून, त्यावर टिंबं देऊन सांगितलं. मामाने कागद फिरवून पाहिला. "नाहीं समजलें." दारातून नर्सने डोकावलं, बाहेर माणसं खोळंबली होती. मधुमिताने तिला हातानेच थांबवलं आणि खुर्ची मामाच्या जवळ ओढली.

"आपल्या प्रत्येक पेशींत एकच पोथी असते," ती म्हणाली. "पण सगळीं पानें सगळ्या पेशी वाचत नाहींत. जें पान वाचायचें नाहीं त्यावर खूण असते, बंद म्हणून. पेशी एकाची दोन झाली कीं पोथीची नवी प्रत होते. तेव्हां एक एन्झाइम असतें, तें जुन्या प्रतींतल्या खुणा बघून नव्या प्रतींत उतरवतें. अक्काच्या मज्जेंत नको त्या पानांवर खुणा पडल्या होत्या. पेशीनें मोठें कसें व्हावें, कधीं मरावें, हीं पानेंच बंद. आणि तें एन्झाइम इमानानें त्याच खुणा पिढ्यान्‌पिढ्या उतरवत होतें."

"आणि औषध?"

"औषध नव्या प्रतीच्या अक्षरांत जाऊन बसतें. एन्झाइम खूण करायला येतें आणि त्याला चिकटून अडकतें. मग खूण उतरत नाहीं. पहिल्या पिढींत थोड्या खुणा सुटतात, दुसरींत आणखी. पानें उघडायला अशा पुष्कळ पिढ्या जाव्या लागतात. म्हणून सहा महिने. आणि तोंवर ज्या पेशींना तें सोसत नाहीं त्या मरतात, म्हणून आकडे पडतात."

मामा ऐकत होता. मग त्याने विचारलं, आणि त्या सगळ्या काळात त्याने तिला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता: "मी दोन महिने थांबवलें, तेव्हां आंत काय झालें?"

"नवें एन्झाइम आलें असेल, मामा. त्याला अडवायला कोणी नव्हतें."

"मग खुणा?"

"पुन्हा उतरूं लागल्या असतील."

"आणि मी वर अठ्ठावन्न मोजत होतों."

मामाच्या डोळ्यांतलं पाणी चष्म्याच्या काचांवर आलं होतं, काचा अगदी धुरकटल्या होत्या, समोरचं काही दिसत असेल असं वाटत नव्हतं. मी पदर पुढे केला. त्याने माझा हात बाजूला सारला आणि चष्मा तसाच राहू दिला.

"समजलें," तो म्हणाला.